नंतर सांगतो

७ फेब्रुवारी

दादा,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. जायला आता उरलंय कोण, तू आणि मी.

हे फोनवर लिहिता आलं असतं. पण फोनवर मी दहा ओळी लिहिल्या की तू अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा दाखवून भागत नाही, म्हणून पत्र.

मी अजून त्याच धुलाई कारखान्यात आहे. हॉटेलांच्या चादरी येतात, धुतल्या जातात, मग गरम रोलरखालून काढायच्या. एक टोक माझ्या हातात, दुसरं समोरच्या बाईच्या. तिथे मशिनांचा इतका आवाज असतो म्हणे, की ऐकू येणाऱ्या बायका फार दिवस टिकत नाहीत. मुकादमाने परवा पाटीवर लिहिलं, ‘तू माझी सगळ्यात चांगली कामगार.’ मी खाली लिहिलं, ‘तुमची बडबडही मला ऐकू येत नाही, तेही त्यात धरा.’ हसला. बरा माणूस आहे.

रविवारी मात्र मी दुसरीकडे असते. एका टायरच्या दुकानावर खोली आहे, लोखंडी जिन्याने वर जायचं. खाली कुणी टायर आपटला की फरशी पायाला सांगते. तिथे आम्ही बहिरी माणसं जमतो. दुसऱ्याच्या मनातलं ऐकून घ्यायला शिकतो. ‘ऐकून घेणं’ हा शब्द आम्हाला कसा चालतो, असं तू विचारशील. तुमच्याकडे दुसरा नाही म्हणून चालवून घेतो. आमच्या खुणांत त्याला वेगळी खूण आहे: दोन्ही हातांची दोन दोन बोटं, गुडघे दुमडून बसल्यासारखी, समोरासमोर. म्हणजे सोबत बसणं.

शिकवणारी बाईही बहिरीच आहे, सत्तरीची. आमच्यात माणसाला दिसण्यावरून नाव पडतं आणि ते जन्माला चिकटतं. तिचं नाव चष्मा. माझं तीळ, हनुवटीवरच्या तिळामुळे. तुला हे नाव माहीत नव्हतं, नाही? पंचवीस वर्षं मी याच नावाची आहे.

चष्मा पूर्वी बहिऱ्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तिच्या एका विद्यार्थिनीला मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी लिहून विचारलं, ‘कसं वाटतं?’ त्या पोरीला लिहिणं जेमतेम यायचं. तिने लिहिलं, ‘जेवले.’ डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं आणि त्याच आठवड्यात तिने जीव दिला. चष्मा म्हणते, डॉक्टरांना आपली भाषा येईपर्यंत आपण मरत राहायचं का? म्हणून ही खोली. आमच्याकडे ना दारावर पाटी, ना पदवी, ना औषध.

सुरुवातीला कित्येक महिने आम्ही नुसतं बघायला शिकलो. समोरचा बोलत असताना तुमची नजर घड्याळाकडे गेली, तर तो तुमच्यात उद्धटपणा. आमच्यात ते त्याचं तोंड दाबणं आहे. रडणाऱ्याचे डोळे कोरडे होईपर्यंत काही बोलायचं नाही, कारण त्याला आपले हात दिसत नसतात. आणि सल्ला द्यायचा नाही. हे मला फार जड गेलं. तुला आठवत असेल, मी लहानपणी कोंबड्यांनासुद्धा सल्ले द्यायची.

माझा नवरा गेला तेव्हा तू मला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं होतंस. चांगल्या भावनेने नेलंस. डॉक्टर तुझ्याशी बोलले, तू त्यांच्याशी बोललास, मी पंख्याकडे बघत होते. मध्ये मी तुला कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणाले? तू हाताने खूण केलीस, नंतर सांगतो. बाहेर आल्यावर म्हणालास, गोळ्या घे, आराम कर.

मला त्या डॉक्टरांना एक गोष्ट सांगायची होती. पण माझ्याकडे जीभ एकच होती, ती तुझी, आणि ती गोष्ट तुझ्या तोंडून सांगण्यासारखी नव्हती. कोणती, ते तुला ठाऊक आहे. या पत्रात ती मी लिहिणार नाही.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी धाकटी

२ मार्च

दादा,

पत्र मिळालं. तुझा गुडघा दुखतो, वहिनीने गच्चीवर कुंड्या मांडल्या, तुझ्या धाकट्याने गाडी घेतली. शेवटी, ‘तू समुपदेशक झालीस, अभिमान वाटतो.’ डॉक्टरांच्या खोलीबद्दल एक ओळ नाही. असू दे.

अभिमान वाटण्यासारखं अजून काही झालेलं नाही. चष्माने मला पहिल्यांदा एकटीने बसायला एक मुलगी दिली आहे, आणि मी रोज रोलरवर तिचाच विचार करते. मुलगी विशीची. तिचं नाव कुरळी, केस बघितलेस तर कारण विचारणार नाहीस. मेणबत्त्यांच्या कारखान्यात वाती भरते. घरी ती आणि आई. आई शाळेत झाडलोट करते. आईला आमच्या खुणा येत नाहीत. जेव, झोप, ये, नको, एवढ्याच घरगुती खुणा. वीस वर्षं त्या दोघी तेवढ्यावर जगल्या आहेत.

आईने तिला आणलं कारण ती जेवेना आणि कामावर जाईना. पहिल्या दिवशी आई खुर्ची ओढून मध्येच बसली. मी पाटीवर लिहिलं, ‘तुम्ही खाली थांबाल का?’ तिने लिहिलं, ‘तिला काही कळत नाही, मी सांगते.’ दादा, मी पाटी पालथी ठेवली. मग चष्मा उठली, आईचा दंड धरला आणि गोड हसत तिला जिन्यापर्यंत पोचवून आली. म्हातारी हसली की कुणाचं काही चालत नाही.

आई गेली तरी कुरळी बोलेना. आमच्यात गप्प बसणं म्हणजे हात मांडीखाली घालून बसणं. मीही बसले. माझे हात सारखे उठायला बघत होते. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी खाली टायर पडला, फरशी हादरली, दोघी एकदम दचकलो आणि तिला हसू आलं. मग तिचे हात बाहेर आले.

ती म्हणाली, “घरी पाहुणे आले की सगळे हसतात. मी आईला विचारते, काय? आई म्हणते, नंतर सांगते. रात्री विचारलं की म्हणते, काही नव्हतं. मला वाटतं, मी मेले तर त्यांना कुणी विचारेल, काय झालं? आणि ते सांगतील, काही नव्हतं.”

मला पटकन सांगावंसं वाटलं, माझंही असंच, माझा दादाही असाच. चष्माने बजावलेलं आहे, स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या खोलीत आणायची नाही. तो माणूस मग तुमचीच काळजी घ्यायला लागतो. मी जीभ चावली. आमच्यात म्हणजे बोटं मुडपली.

मी तिला सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? हे विचारायला घाबरायचं नाही, असं शिकवलंय. ती म्हणाली, वाटतं. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही ठरवलं की रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत ती मला फोनवर तोंड दाखवणार. दाखवते. आता भातही खाते म्हणते, तिच्या म्हणण्याप्रमाणे आईला गप्प करण्यापुरता.

तू नीट लिहीत जा. गुडघ्याचं कळलं.

तुझी धाकटी

१९ मार्च

दादा,

आज मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. पत्र शेवटपर्यंत वाच.

परवा कुरळीची आई एकटीच आली. माझ्याशी बोलायचं होतं, म्हणून आम्ही वेणीला बोलावलं. वेणी आमची दुभाषी. तिचे आईवडील बहिरे, ती ऐकू येणारी, दोन्हीकडची. ती मधलं काही गाळत नाही आणि पदरचं काही घालत नाही. कुणी शिवी दिली तर शिवीचीही खूण करते.

आई म्हणाली, “तुमच्यामुळे पोरगी जेवायला लागली, तुमचे उपकार. आता आणखी एक करा. मेच्या मध्याला तिचं एक ऑपरेशन ठरवलंय. तिला सांगा की पोटदुखीचं आहे. माझ्यावर तिचा विश्वास राहिलेला नाही. तुमचं ऐकेल.”

मी विचारलं, ऑपरेशन कसलं?

ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, “मूल होऊ नये म्हणून. उद्या मी मेले तर हिचं कोण? शेजारचा एक माणूस तिच्याकडे बघत असतो. कुणी काही केलं तर तिला ओरडतासुद्धा येणार नाही. निदान पुढचं तरी निस्तरायला नको.”

वेणीचे हात हे सगळं सांगताना जड झाले होते. मी तिच्या हातांकडे बघत होते आणि मला आपला दवाखाना दिसत होता. पांढऱ्या फरशा, तुझा चौकड्यांचा शर्ट. मी सतरा वर्षांची. तू माझ्या कुशीत बोट खुपसून दाखवलंस, इथलं आतडं खराब झालंय, काढायचंय. मी आईकडे बघितलं, तिने मान डोलावली. मला भीती वाटली म्हणून तू दारापर्यंत माझा हात धरलास. मी तुझ्यावर विश्वास ठेवून आत गेले.

लग्नानंतर पाच वर्षं आम्ही दोघं वाट बघत होतो. मग एका डॉक्टरीणबाईंनी तपासलं, माझ्या पोटावरचा व्रण बघितला आणि कागदावर दोन नळ्या काढून मध्ये रेघ मारली. माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मला माहीत नाही हे त्यांना खरंच वाटेना. नवरा त्या कागदाकडे बघत राहिला. त्यानंतर तो माझ्या माहेरी कधी जेवला नाही. तुम्हाला वाटलं तो तिरसट आहे.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या भल्यासाठी. तुला विचारलं. तू हात उडवलास, जाऊ दे आता. मग आई अंथरुणाला खिळली, ते विचारायची सोय राहिली नाही, आणि मग ती गेली.

आता ही बाई माझ्यासमोर बसली आहे, आणि मला तिचा द्वेष करता येत नाही, तिला समजूनही घेता येत नाही. ती मला तुझ्या खुर्चीवर बसवते आहे. मी नाही म्हणून सांगितलं. ती उठून गेली.

चष्माला मी सगळं सांगितलं, माझंही. ती म्हणाली, “आपण मुलीच्या बाजूने बसतो, आईच्या नाही. तिला कळायलाच हवं. पण तू तिच्यासाठी सांगणार आहेस की स्वतःसाठी, ते आधी बघ. स्वतःसाठी सांगायचं असेल तर माझ्याजवळ बसून सांग.”

म्हणून तुला लिहिते. तू ये. त्या आईशी बोल. मी बोलले तर ती वेणीच्या तोंडाकडे बघते, माझ्याकडे बघतच नाही. तू ऐकणारा आहेस, भाऊ आहेस, तू हे केलेलं आहेस. तुझं ती ऐकेल. आणि मला एवढंच लिही, त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं?

मेपर्यंत वेळ आहे. फार नाही.

तुझी धाकटी

४ एप्रिल

दादा,

‘जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? आईने केलं ते मायेपोटी. ऑफिसात कामाचा डोंगर आहे, यायचं बघतो, नंतर कळवतो.’ तुझं पत्र मी चष्माला दाखवलं. तिने वाचून घडी घातली आणि परत दिलं.  तिला सल्ला देण्याची मनाईच आहे.

मी तुझी वाट बघितली नाही. कुरळीला सांगितलं.

वेणीला बोलावलं नाही, आमच्या भाषेत दुभाषी कशाला. मी म्हणाले, “आई तुला दवाखान्यात नेणार आहे. ती सांगेल पोटदुखीचं ऑपरेशन. ते पोटदुखीचं नाही. ते मूल होऊ नये म्हणून आहे.”

तिने विचारलं, “कुणाला?”

“तुला.”

तिने ती खूण पुन्हा करायला लावली. मग आणखी एकदा. मग म्हणाली, “आई असं करणार नाही.”  पुढे तीच म्हणाली, “मला मूल हवंय की नको, हे मला अजून माहीतसुद्धा नाही. मला आधी ठरवू तर द्या.”

तिला आईशी बोलायचं होतं, खरं बोलायचं, घरगुती चार खुणांत नाही. म्हणून पुढच्या रविवारी आईला बोलावलं, आणि वेणीला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी समोरासमोर बोलल्या. कुरळी म्हणाली, “मला ऑपरेशन नको.” वेणीने ते मोठ्याने म्हटलं. आई मुलीकडे न बघता माझ्याकडे बघून चिडली, मग रडली, मग तेच म्हणाली, “तिला ओरडता येत नाही हो. कुणी अंगावर हात टाकला तर करेल काय?”

वेणीने ते कुरळीला सांगितलं. कुरळीने तोंड उघडलं आणि ओरडली.

मला ऐकू आलं नाही, पण तिच्या मानेच्या शिरा दिसल्या, आणि वेणी खुर्चीवरून उठली. आईने कानांवर हात ठेवले. लोखंडी जिना थरथरला आणि टायरवाला हातात पाना घेऊन दारात, मागे त्याची दोन गिऱ्हाइकं. त्याला वाटलं कुणाचा तरी खून होतोय. चष्माने त्याला पाणी दिलं. कुरळी त्यांच्याकडे बोट दाखवून आईला म्हणाली, “बघ. आले.”

आई मग म्हणाली, “बरं. नाही करत.” आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. टायरवाल्यानेही.

ते गेल्यावर चष्मा म्हणाली, “हो म्हणताना ती दाराकडे बघत होती.” मी म्हणाले, तू म्हातारी झालीस, तुला सगळीकडे वाईट दिसतं. आज मला खूप हलकं वाटतंय, दादा. तुझ्यावरचा रागही आज जरा कमी आहे. याचा फायदा घे आणि लिही.

तुझी धाकटी

२६ एप्रिल

दादा,

झालं ऑपरेशन.

मावशीकडे जायचं म्हणून आईने तिला रिक्षात बसवलं. दवाखाना बघितल्यावर तिने पळायचा प्रयत्न केला. ओरडलीही. तिथे कुणी पाना घेऊन आलं नाही. नर्सने दंड धरला, सुई टोचली. आईने डॉक्टरांना सांगितलं होतं की मुलगी मुळात भ्रमिष्ट आहे, म्हणूनच ‘मानसिक’ ठिकाणी जाते. म्हणजे आमच्याकडे. आमच्याकडे येणं हाच पुरावा झाला.

जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस तिचा फोन आला नाही. मी घरी गेले तर आईने दार उघडलं नाही. रविवारी ती स्वतःच आली, पोट धरून, एकेक पायरी बसत बसत. वर येऊन भिंतीशी बसली आणि हात मांडीखाली घातले. मी समोर बसले. संध्याकाळपर्यंत तिने हात काढले नाहीत. जाताना ती घरी जायला तयार नव्हती. चष्मा तिला आपल्या घरी घेऊन गेली. म्हातारी रक्तदाबाच्या गोळ्या आता कपाटात ठेवत नाही, पदराला बांधून हिंडते. आंघोळीला जातानाही.

मी तिला सांगितलं नसतं तर ती नाही म्हणाली नसती. ती नाही म्हणाली नसती तर आईने घाई केली नसती. मेच्या मध्यापर्यंत वेळ होता. हे मी चष्माला म्हणाले तेव्हा तिने पहिल्यांदाच माझ्यावर राग काढला. म्हणाली, “मग काय, न सांगता न्यायला हवं होतं? तुला नेलं तसं?”   शिकलेलं सगळं अशा वेळी कुठे जातं कोण जाणे.

काल तुझं पत्र आलं. ‘रजा मिळाली. मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, तारखेच्या आधी पोचेन.’

तारीख होऊन गेली. तिकीट काढलं असशील तर ये. नसशील तर राहू दे.

१७ मे

दादा,

तू परत जाऊन आठवडा झाला. पोचल्याचा अंगठा मिळाला.

त्या दिवशी मी फार कमी बोलले, म्हणून आता लिहिते. तू खोलीत आलास तेव्हा मला वाटलं, हा पाच मिनिटांत उठेल. तू म्हातारा दिसत होतास. कुठे बसायचं तुला कळेना. कुरळी तुझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तू शिकवल्यासारखा तिच्याकडे न बघता वेणीकडे बघून बोलायला लागलास. वेणीने सांगितलं, माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघा. तू मान वळवलीस. अवघड गेलं तुला. सगळ्यांना जातं.

तू त्या आईला भेटायला आला होतास. ती आली नाही. कुरळी मला म्हणाली, “मी विचारू याला?” चष्माने मान हलवली, तुझी मर्जी. मला भीती वाटली, तिची नाही, तुझी. तू ‘नंतर’ म्हणशील अशी भीती.

तिने विचारलं, “हिला का नाही सांगितलं?”

तू म्हणालास, “तिला कळलं नसतं.” वेणीने हात चालवले. कुरळी म्हणाली, “मला तर कळलं.”

तू म्हणालास, “आईने मला विचारलं नव्हतं, आदल्या दिवशी नुसतं सांगितलं.” ती म्हणाली, “मग दारापर्यंत हात का धरलास?”

तुझा चेहरा मी पन्नास वर्षं वाचत आले आहे, दादा. तो बंद होताना मी कैकदा बघितला आहे. तेव्हा तो बंद होत होता आणि तू तो होऊ दिला नाहीस. तू म्हणालास, आणि वेणीने एक अक्षर न गाळता मला सांगितलं: “मी तेवीस वर्षांचा होतो. सगळे म्हणायचे, आईबापानंतर हिला तूच बघायचं. मला वाटायचं, उद्या हिला मूल झालं, तेही असंच झालं, तर जन्मभर मी या दोघांचा हमाल. ती आत गेली, दार बंद झालं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी बाहेर जाऊन चहा प्यायलो. तो चहा मला आवडला.”

 मायेपोटी, भल्यासाठी, हे शब्द मी आयुष्यभर वाचत आले. तुझ्या तोंडून निघालेलं खरं वाक्य माझ्यापर्यंत पोचलं ते हे पहिलं. आणि तेही तू मला सांगितलं नाहीस, तासाभरापूर्वी भेटलेल्या एका पोरीला सांगितलंस.

कुरळीने मग विचारलं, “माझ्या आईलाही तसंच वाटलं असेल का? सुटल्यासारखं?” तू म्हणालास, “असेल.” ती म्हणाली, “मग तिने तसं म्हणावं. माया म्हणू नये.” आणि उठून खिडकीशी गेली. त्या दिवसापासून ती बोलते. चांगलं बोलत नाही. आईबद्दल जे बोलते ते मी इथे लिहीत नाही. पण हात मांडीखाली नाहीत.

बाकीचं सांगते. ती चष्माकडेच राहते. कामावर पुन्हा जायला लागली. मरावंसं वाटतं का, हे मी दर रविवारी विचारते. कधी हो म्हणते, कधी नाही. मागच्या रविवारी म्हणाली, “आज माहीत नाही.” आम्ही त्याला बरा दिवस धरतो. वेणीने एका वकीलबाईंना आणलं, डॉक्टरांविरुद्ध तक्रार दिली. त्यांनी उत्तरात लिहिलंय, मुलीला समज नाही, म्हणून आईची परवानगी पुरेशी होती. कुरळीला ते वेणीने खुणांत वाचून दाखवलं. आईविरुद्ध तक्रार द्यायला कुरळी तयार नाही. आई दर रविवारी येते, टायरच्या दुकानाशी उभी राहते, वर येत नाही. टायरवाला तिला स्टूल देतो. एकदा मी खाली गेले. ती माझ्याकडे बघेना. मी शेजारी उभी राहिले. मला तिचा अजूनही द्वेष करता येत नाही, आणि याचा मला अलीकडे राग येतो.

स्टेशनवर तू माझे दोन्ही हात धरलेस आणि ओठ हलवलेस. मला वाचता आलं, ‘माफ कर’. हात तुझ्या हातात होते, त्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. आता देते. मी माफ केलेलं नाही. पुढे करेन असंही वाटत नाही. माझं मूल असतं तर आता तुझ्या धाकट्याएवढं असतं, आणि माझा नवरा जाताना घरात मी एकटी नसते. ते कुठल्याही वाक्याने भरून येणार नाही. त्याबद्दल पुन्हा लिहू नकोस.

पण एक काम आहे. चष्माच्या शाळेतल्या जुन्या ओळखीची एक बाई आहे. तिची मुलगी अठराची, बहिरी. तिचंही ठरलंय, त्याच दवाखान्यात, जूनच्या सोळा तारखेला. बाई वेणीच्या घरी यायला तयार आहे, आमच्या खोलीत नाही. आम्ही समजावलं तर ती आम्हाला बिचाऱ्या म्हणते. वेणी तिला म्हणाली, एक भाऊ आहे, त्याने हे केलंय, त्याला भेटाल का? ती हो म्हणाली.

तू ये. कुरळीला जे सांगितलंस तेच सांग, त्या चहासकट. मी तिथे असेन. मुलीलाही बसवणार आहोत, तिच्यासमोर सांगायचं. रजा मिळाली नाही तर बिनपगारी घे. यायचं बघतो असं लिहू नकोस, गाडीची वेळ लिही.

या वेळी आधी ये.

तीळ